पाण्यावर कुत्रा नेमकं काय हुंगतो?

काठावरची

आमची झुबी, लॅब्रॅडॉर, वय चार. पाण्याजवळ गेली की लगेच उडी मारत नाही. आधी काठावर थांबते, मान जराशी वर करते, नाकपुड्या भराभर हलायला लागतात. मग वाऱ्याकडे तोंड करून काठाकाठाने चालत जाते आणि कुठल्यातरी एका जागी पाण्यात शिरते. लव्हाळ्यात अडकलेला तिचा दोर तिने पडताना पाहिलेला नसला तरी ती असाच हुडकून काढते. पोहताना नाक पाण्याला जवळजवळ टेकलेलं असतं आणि मध्येच दोनचार वेळा पाणी चाटते. तेव्हा तहान लागलेली नसते, हे नक्की.

यावरून घरात वाद सुरू आहे. नवऱ्याचं म्हणणं असं की पाण्यात वास मरतो, म्हणूनच पळून जाणारा माणूस ओढ्यातून चालतो आणि मागावरची कुत्री काठावर घुटमळत राहतात. माझं म्हणणं, पाण्यात वास मरत असेल तर बुडालेल्या माणसाचा शोध घ्यायला बोटीतून कुत्री कशाला नेतात? पथकं हे काम कित्येक वर्षं करताहेत आणि त्यांना यशही येतं.

माझ्यापुरता मी लावलेला अर्थ असा: शुद्ध पाण्याला वास नाही, आणि कुत्रा पाण्याच्या आत हुंगतही नाही. तो हुंगतो पाण्याला लागून असलेली हवा. म्हणजे वास पाण्यात आहे का, हा प्रश्नच गौण. पाण्यातून काय बाहेर पडतं, किती पडतं आणि बाहेर पडल्यावर वारा ते कुठे नेतो, यावर सगळं ठरत असणार. हे बरोबर असेल तर झुबी काठाने चालत जाते ते वाऱ्याची रेघ पकडायलाच.

इथे शोधपथकांबरोबर काम केलेले, शिकारी जातींबद्दल माहिती असलेले लोक आहेत हे मला माहीत आहे. सविस्तर लिहा प्लीज.

--------

गंधवेडा

चांगला विषय काढलात. अर्थ बरोबर लावलाय, त्यात नाकाच्या बाजूने थोडी भर घालतो.

माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्यात जातीनुसार २० ते ३० कोटी. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो हवेचा प्रवास. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली कुत्र्याच्या नाकातल्या हवेच्या प्रवाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आत आलेली हवा तिथे दोन वाटांनी जाते. मोठा भाग फुप्फुसांकडे वळतो आणि छोटा भाग वरच्या वाटेने थेट मागच्या गंधकप्प्यात पोचतो. तिथे नाजूक हाडांच्या गुंडाळ्या असतात, त्यांच्यामधून ती हवा सावकाश सरकते. आपल्या नाकात असा वेगळा कप्पा नाही.

हुंगताना कुत्रा सेकंदाला सुमारे पाच वेळा श्वास आत-बाहेर करतो. सोडलेला श्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागे आणि खाली जातो, त्यामुळे समोरची ताजी हवा बिघडत नाही. दोन्ही नाकपुड्या स्वतंत्रपणे नमुना घेतात. वास डावीकडून जास्त येतोय की उजवीकडून, याचा अंदाज त्यावरून येतो.

आता पाणी चाटण्याबद्दल. वरच्या पुढच्या दातांच्या लगेच मागे, टाळूवर एक छोटा उंचवटा असतो. तिथून निघणारी बारीक नळी जेकबसनच्या अवयवाकडे जाते. हवेत सहज न उडणारे, पाण्यात विरघळलेले जड रेणू तिथे जिभेमार्फत पोचू शकतात. प्राण्यांच्या आपसातल्या गंधखुणांसाठी तो अवयव मुख्यतः वापरला जातो. चव, वास आणि हे तिसरं इंद्रिय, यांतलं कुणी किती काम केलं हे बाहेरून सांगता येणार नाही, पण झुबी पाण्याची तपासणी करतेय हे तुमचं निरीक्षण अगदी पटतं.

आणखी एक. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. तोंडाने भराभर श्वास चालू असला की गंधकप्प्याकडे हवा जात नाही. जोरात पोहून दमलेल्या कुत्र्याला काही शोधायला लावू नका, आधी श्वास शांत होऊ द्या.

--------

मोरपंखी

वाचतेय. शोधपथकवाल्यांनी लिहाच.

--------

वाऱ्याखाली

मी स्वयंसेवक म्हणून पाण्यावरच्या शोधात कुत्रा हाताळतो. पथकाचं नाव देत नाही, पण काम कसं चालतं ते जरूर सांगतो. विषय गंभीर आहे. प्रत्येक वेळी काठावर कुणाचं तरी कुटुंब उभं असतं.

पाण्याखाली गेलेल्या शरीरातून तीन प्रकारच्या गोष्टी वर येतात. एक, वायू. कुजण्याच्या प्रक्रियेत मिथेन, हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया तयार होतात. मिथेन पाण्यात फारसा विरघळत नाही, बुडबुडे होऊन वर येतो आणि येताना इतर वासही घेऊन येतो. अमोनिया मात्र पाण्यात झटकन विरघळतो, त्याचा बराचसा भाग खालीच राहतो. दोन, चरबी आणि तेलं. पाण्याहून हलकी असल्याने ती बारीक थेंबांच्या रूपात वर चढतात आणि पृष्ठभागावर अतिशय पातळ तवंग धरतात. हा तवंग आपल्याला दिसेलच असं नाही. तीन, त्वचेचे सूक्ष्म कण आणि विरघळलेले इतर पदार्थ.

पृष्ठभागावर पोचल्यावर यातलं जे उडून जाण्यासारखं आहे ते हवेत जातं आणि वारा त्याला पुढे नेतो. विझलेल्या काडीचा धूर कसा टोकाशी दाट आणि पुढे पसरट होत जातो, तसाच हा गंधाचा पट्टा असतो. आमचं काम म्हणजे तो पट्टा आडवा कापणं.

म्हणून बोट नेहमी वाऱ्याखालच्या बाजूने (वारा जिकडे वाहत जातो त्या टोकाकडून) सुरू करायची आणि वाऱ्याला काटकोनात, इकडून तिकडे फेऱ्या मारत हळूहळू वर सरकायचं. कुत्रा बोटीच्या पुढच्या टोकाला, इंजीन मागे. इंजिनाचा धूर कुत्र्याकडे येत असेल तर फेरी वाया गेली समजा. वेग चालण्याइतका. बोटीत कुणी अत्तर लावून बसायचं नाही.

माझी कुत्री जर्मन शेफर्ड आहे. वासाच्या पट्ट्याची कड लागली की ती आधी तोंड मिटते. धाप थांबते. मग मान एका बाजूला वळते आणि बोट पुढे गेली तरी मान तिकडेच राहते. पुढे सरकलो की ती कठड्यावरून वाकून नाक पाण्यापासून बोटभर अंतरावर आणते, खालचा जबडा थरथरतो, पाणी चाटते, कधी कधी पाण्याला चावतेसुद्धा. शेवटी भुंकते. भुंकणं हा शिकवलेला इशारा, त्याआधीचं सगळं तिचं स्वतःचं. अनुभवी हाताळणारा मानेच्या पहिल्या वळणालाच जीपीएसवर खूण करतो.

मग त्याच जागेवरून वेगळ्या दिशेने पुन्हा जायचं. नंतर दुसरा कुत्रा आणायचा, ज्याच्या हाताळणाऱ्याला आधीच्या खुणा सांगितलेल्या नसतात. हे फार महत्त्वाचं आहे. माणसाला जागा माहीत असली की त्याचं अंग ताठरतं, वेग नकळत कमी होतो आणि कुत्रा ते वाचतो. दोन्ही कुत्र्यांच्या खुणा नकाशावर मांडल्या, वारा आणि प्रवाह बाणांनी काढले, की मग पाणबुडे आणि सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणारं यंत्र) कुठे लावायचे ते ठरतं.

आणि कुत्रा भुंकला तिथेच सरळ खाली शरीर असेल अशी अपेक्षा धरायची नाही. हे कुटुंबाला समजावून सांगणं हा आमच्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

--------

अथांग

> भुंकला तिथेच सरळ खाली शरीर असेल अशी अपेक्षा धरायची नाही

किती फरक पडू शकतो? वाहतं पाणी आणि साठलेलं पाणी यांत वेगळं काय होतं? मी हौशी पाणबुड्या आहे. खाली पाण्याच्या थंड-गरम थरांची सीमा अंगाला स्पष्ट जाणवते, म्हणून विचारतोय.

--------

वाऱ्याखाली

साधा हिशोब करून बघा. काही मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर वर चढतो. दहा मीटर खोलीवरून निघाला तर ४० सेकंदांच्या आसपास पोचेल. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल तर तो २० मीटर खाली वाहून गेलेला असेल. आता तेलाचा अगदी बारीक थेंब घ्या, जो सेकंदाला एक सेंटिमीटरच चढतो. त्याला तेवढ्याच खोलीतून वर यायला १००० सेकंद लागतील आणि तो अर्धा किलोमीटर पुढे निघेल. एकाच जागेवरून निघालेल्या दोन गोष्टी पृष्ठभागावर इतक्या लांब लांब उगवतात. शिवाय पृष्ठभागावरचा तवंग वारा ढकलतो तो वेगळाच.

नदीत आणखी एक फसगत होते. बंधारा, धबधबा किंवा खडकाळ उतार असला की पाणी घुसळलं जातं आणि विरघळून आलेला वास तिथे एकदम हवेत सुटतो. कुत्रा तिथे जोरात इशारा देतो. त्याचा इशारा शंभर टक्के खरा असतो, वास तिथेच आहे. उगम मात्र वरच्या अंगाला, कधी कधी बराच लांब. काठाच्या भोवऱ्यात आणि गवतात अडकलेल्या फेसाचंही तसंच. अशा वेळी वर सरकत राहायचं आणि इशारे कुठे थांबतात ते बघायचं. शेवटचा इशारा आणि पहिला नकार, यांच्या मधली जागा मोलाची.

साठलेल्या पाण्यात तुम्ही म्हणता तो थर आडवा येतो. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड. दोन्ही मिसळत नाहीत. मोठे बुडबुडे थर भेदून वर येतात, पण विरघळलेला वास आणि अगदी सूक्ष्म थेंब त्याखाली अडकून राहू शकतात. शिवाय थंडीत जिवाणूंचं काम मंदावतं, वायूच कमी तयार होतो. खोल आणि कायम थंड तळ्यांत, उदाहरणार्थ उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरात, बुडालेलं शरीर सहसा वर येत नाही ते याच कारणाने.

वेळ निवडताना लोक हटकून पहाट म्हणतात. माझं मत वेगळं आहे. पहाटे पाणी बहुधा हवेपेक्षा उबदार असतं, पाण्यालगतची हवा तापून वर उठते, वास तिच्याबरोबर कुत्र्याच्या डोक्यावरून निघून जातो. दिवसा हवा गरम आणि पाणी थंड असलं की पाण्यालगतचा हवेचा थर जड होऊन बसतो आणि वास पृष्ठभागाला धरून लांबवर जातो. अर्थात कुत्र्याला उन्हाने धाप लागली तर या फायद्यावर पाणी. ढगाळ दिवस, हलका आणि दिशा न बदलणारा वारा मिळाला तर मी काहीही सोडून निघतो.

--------

अथांग

एकच नंबर उत्तर. आभार. खाली जाताना थर ओलांडला की मी यापुढे त्याची खोली लिहून ठेवीन आणि शोधकामाला कधी हाक आली तर तुमच्यासारख्यांना देईन.

--------

जुनी_पायवाट

काठावरची ताई, तुमच्या यजमानांच्या ओढ्याचं बघू.

माणूस चालताना त्याच्या अंगावरून दर मिनिटाला त्वचेचे हजारो सूक्ष्म कण गळतात. त्यावर घाम आणि जिवाणू असतात आणि माग काढणारा कुत्रा मुख्यतः याच्याच वासावर चालतो. माणूस पाण्यात उतरला म्हणून गळती थांबत नाही. गुडघाभर पाण्यात चालताना छाती, डोकं, हात पाण्याबाहेरच असतात. कण हवेत उडतात आणि ओढ्याच्या खोलगट भागातल्या दमट, संथ हवेत दोन्ही काठांच्या गवतावर जाऊन बसतात. जे पाण्यात पडतात ते खाली वाहत जाऊन वळणावर, दगडाच्या आडोशाला साचतात.

त्यामुळे पाऊलखुणांचा अखंड माग तुटतो हे खरं, वास नाहीसा होत नाही. जाणता हाताळणारा ओढ्यापाशी आला की कुत्र्याला आधी एका काठाने आणि मग दुसऱ्या काठाने चालवतो, माणूस बाहेर कुठून पडला ती जागा सापडेपर्यंत. कुत्री घुटमळतात ती या वेळात. पळणाऱ्याला वेळ मिळतो, सुटका मिळत नाही. जोरात वाहणारी रुंद नदी, सोसाट्याचा वारा आणि बराच उशीर असं सगळं जमून आलं तर गोष्ट वेगळी.

वाहत्या पाण्यावर माग काढण्यात सगळ्यात पुढे गेलेली जात म्हणजे इंग्लंडमधला ऑटरहाउंड. पाणमांजरांच्या शिकारीसाठी तयार केलेला, राठ तेलकट केसांचा, बोटांमध्ये पडदा असलेला मोठा कुत्रा. पाणमांजर रात्री काठावरून गेल्याचा जुना वास तो सकाळी पकडायचा. पण खरी कमाल पुढे होती. पाणमांजर पाण्याखालून पोहत गेलं की त्याच्या अंगाचा आणि श्वासाच्या बुडबुड्यांचा वास पृष्ठभागावर येऊन प्रवाहाबरोबर तरंगत खाली येतो. हे कुत्रे पोहत पोहत त्या तरंगत्या वासावर उलट दिशेने, प्रवाहाच्या विरुद्ध, पाणमांजराकडे जात. पाण्यावरून माग काढता येतो याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पाणमांजरं झपाट्याने कमी झाली आणि १९७८ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांना कायद्याने संरक्षण मिळालं, शिकार थांबली. ती थांबली याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यानंतर ऑटरहाउंडला कामच उरलं नाही आणि आज ही जात जगात अगदी मोजकी शिल्लक आहे, याचं वाईटही तितकंच वाटतं.

इटलीतल्या लागोट्टो रोमान्योलोला मात्र दुसरं काम मिळालं. कोमाक्कियो आणि रावेन्नाच्या दलदलीत बदकं काढून आणणारा हा कुरळ्या केसांचा पाणकुत्रा. दलदली बुजवून शेती झाली आणि त्याच नाकाला लोकांनी जमिनीखालची ट्रफल बुरशी शोधायला लावलं. आज तो त्यासाठीच ओळखला जातो.

--------

मोरपंखी

ऑटरहाउंडबद्दल काहीच माहीत नव्हतं. पाण्याखालून गेलेल्या प्राण्याचा माग पाण्यावरून काढायचा! दोनदा वाचला प्रतिसाद.

--------

सागरवेध

समुद्राचं अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मला यातलं सगळ्यात आवडतं काम म्हणजे देवमाशांची विष्ठा शोधणारी कुत्री.

देवमाशाचं रक्त घेणं जवळपास अशक्य. पण विष्ठेत संप्रेरकं असतात. गर्भ आहे का, ताण किती, उपासमार चालू आहे का, हे सगळं त्यातून कळतं. अडचण अशी की ती थोडा वेळच तरंगते आणि लाटांमध्ये दिसत नाही. कॅनडाच्या बे ऑफ फंडीमध्ये न्यू इंग्लंड ॲक्वेरियमच्या संशोधकांनी राइट व्हेल जातीच्या देवमाशांसाठी कुत्री वापरली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात कुत्र्यांनी जवळजवळ दोन किलोमीटरांवरून नमुना हुंगल्याची नोंद आहे. त्यांच्यातला फार्गो नावाचा रॉटवायलर बराच गाजला.

दुसरा टकर. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पथकातला काळा लॅब्रॅडॉर मिश्र कुत्रा, ज्याला स्वतःला पाण्यात भिजायला अजिबात आवडायचं नाही. बोटीच्या टोकावर उभं राहून तो अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या समुद्रात ओर्कांची (किलर व्हेलची) विष्ठा शोधायचा. वास लागला की तो कठड्यावर झुकायचा, बोट वासापासून दूर गेली की परत वळायचा आणि चालक त्याच्या नाकाच्या दिशेने सुकाणू फिरवत राहायचा. बक्षीस एकच, चेंडू.

त्या नमुन्यांवर आधारलेला निबंध २०१७ साली आला. २००८ ते २०१४ या काळात तिथल्या ओर्कांच्या ओळखता आलेल्या गर्भारपणांपैकी तब्बल ६९ टक्के अयशस्वी ठरली होती, आणि त्याचा संबंध त्यांच्या मुख्य खाद्याशी, चिनुक सामन माशांच्या टंचाईशी जुळत होता. एवढी मोठी गोष्ट माणसाला कळली त्यात कुत्र्याच्या नाकाचा वाटा आहे.

'वाऱ्याखाली' यांनी सांगितलेली आडव्या फेऱ्यांची पद्धत समुद्रातही तीच. फरक इतकाच की इथे खोलीचा प्रश्न नाही, शोधायची गोष्ट पृष्ठभागावरच असते. म्हणून अंतर इतकं वाढतं.

बर्फाबद्दलही एक ओळ. उत्तरेकडचे इन्युइट लोक समुद्रावरच्या बर्फातली, वरून हिमाने झाकलेली सीलची श्वास घ्यायची भोकं कुत्र्यांकडून शोधून घेत आले आहेत. पुढे शास्त्रज्ञांनी सीलच्या बिळांची गणना करायला हीच रीत उचलली आणि लॅब्रॅडॉर तयार केले.

--------

बुडबुडा

माझा थोडा वेगळा मुद्दा आहे. सगळे म्हणताय की कुत्रा पाण्याच्या आत वास घेत नाही. आमचा कुत्रा कमरेइतक्या पाण्यात डोकं बुडवून तळाचा दगड काढतो, आणि टाकलेलाच दगड आणतो, शेजारचा नाही. पाणी गढूळ असलं तरी. मग हे नाक नव्हे तर काय?

--------

गंधवेडा

प्रश्न रास्त आहे, कारण पाण्याखाली हुंगणारे सस्तन प्राणी खरंच आहेत. केनेथ कटानिया यांनी २००६ साली 'नेचर'मध्ये दाखवलं की ताऱ्यासारख्या नाकाचा, चिचुंद्रीसारखा दिसणारा स्टार-नोज्ड मोल आणि पाणचिचुंद्री हे दोघं पाण्यात नाकातून बुडबुडा बाहेर सोडतात, तो वस्तूला टेकवतात आणि तोच परत आत ओढतात. बुडबुड्यात शिरलेला वास अशा रीतीने नाकात येतो. मध्ये बारीक जाळी लावून बुडबुडा अडवला की मोलला माग लागेनासा झाला.

कुत्र्यात असं काही सिद्ध झालेलं नाही. डोकं बुडवताना तो श्वास रोखतो किंवा नाकातून हवा सोडत राहतो, ती परत ओढत नाही. तुमच्या कुत्र्याने दगड नेमका कुठे पडला ते पाहिलेलं असणार, पाणी कुठे उडालं ते कुत्री फार अचूक लक्षात ठेवतात. शिवाय तळाशी तोंडाने चाचपताना हलका, नुकताच पडलेला, गाळात न रुतलेला दगड आधी हाती लागतो. आणि दगड बाहेर काढल्यावर तो हुंगून, नको असला तर टाकून पुन्हा जातो का, ते बघा. तसं करत असेल तर वासाची निवड पाण्याबाहेर होतेय.

तपासायचं असेल तर त्याला दुसरीकडे तोंड करून बसवा, दगड हळूच हाताने सोडा, आवाज आणि शिंतोडे न होऊ देता. मग काय करतो ते इथे सांगा.

--------

बुडबुडा

हुंगून टाकून देतो हे मात्र पाहिलंय खरं. सोडून बघतो तुम्ही म्हणता तसं.

--------

प्राण्यांची_डॉक्टर

इतकं छान चाललंय, पण पशुवैद्य म्हणून एक गोष्ट इथे ठळक लिहिणं मला गरजेचं वाटतं. कुत्र्याचं नाक त्याला वाईट पाण्यापासून वाचवतं, हा समज कृपया सोडा. उलट पुष्कळदा तेच त्याला तिकडे ओढतं.

तळ्यात किंवा संथ नदीत निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते प्रत्यक्षात सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू असतात. त्यातले काही जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वास तोच. माणसालाही तो अतिशय कमी प्रमाणात कळतो, कुत्र्याला तर कळतोच. न्यूझीलंडच्या नद्यांमध्ये दगडांवर गडद तपकिरी-काळे मखमली थर वाढतात, सुटून काठाला येतात आणि वाळून फिके पडतात. त्यांना मातकट, कुबट वास येतो आणि कुत्री त्या वासाने खेचली जाऊन ते चक्क खातात. तिथलं प्रशासन दर उन्हाळ्यात याबद्दल कुत्रेवाल्यांना सावध करतं, कारण अनेक कुत्री यात दगावली आहेत.

यातलं ॲनाटॉक्सिन हे विष मज्जासंस्थेवर काम करतं. लाळ गळणं, थरथर, झटके, श्वास बंद पडणं, आणि हे सगळं काही मिनिटांत ते तासांत. दुसरं मायक्रोसिस्टिन, ते यकृत निकामी करतं. दोन्हींवर नेमका उतारा नाही, लवकर आणून आधार देणारे उपचार करणं एवढंच हातात असतं. थर विषारी आहे की नाही हे बघून ओळखता येत नाही.

म्हणून पाण्यावर हिरव्या रंगाची साय, सांडलेल्या रंगासारखे पट्टे किंवा काठाला काळपट पापुद्रे दिसले तर कुत्र्याला पट्टा लावा आणि मागे फिरा. उतरलाच असेल तर स्वच्छ पाण्याने लगेच धुवा आणि अंग चाटू देऊ नका, कारण केसांत अडकलेलं विष चाटण्यातून पोटात जातं. लक्षणं दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

साठलेल्या डबक्याबाबत दुसरा धोका लेप्टोस्पायरोसिसचा. उंदरांच्या लघवीतून येतो, आणि लघवीचा वास म्हणजे कुत्र्याला थांबून चाटायचं आमंत्रण. याची लस मिळते, ती दर वर्षी द्या.

--------

काठावरची

डॉक्टर, हे वाचून लगेच तुमचा प्रतिसाद आमच्या फिरायला जाणाऱ्या गटात पाठवला. झुबी पाणी चाटते ते मी कौतुकाने बघत होते, आता पाणी आधी मी बघेन.

--------

नळजोड

जिओस्मिनवरून आठवलं. अमेरिकेत माशांच्या तळ्यांत कॅटफिशला मातकट चव लागली की माल नाकारला जातो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांना हाच मातकट वास पाण्याच्या नमुन्यात ओळखायला शिकवलं होतं आणि ती शिकली. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेल्या वासाचाच चांगला उपयोग.

मी पाणीपुरवठ्याच्या क्षेत्रात आहे. जमिनीखालच्या नळाची गळती शोधायला आता कुत्री वापरतात. शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरीन असतो, नैसर्गिक ओलीत नसतो, कुत्र्याला हा फरक शिकवला जातो. इंग्लंडमध्ये युनायटेड युटिलिटीजच्या कामावर स्नाइप नावाचा कॉकर स्पॅनिअल होता, अमेरिकेत सेंट्रल आर्कान्सा वॉटरकडे व्हेसल. मोकळ्या माळावर, जिथे गळतीचा आवाज टिपणारी यंत्रं फारशी उपयोगी पडत नाहीत, तिथे कुत्रा झरझर मैलोगणती नळ तपासतो. पावसाळी गटारात मैलापाणी कुठून मिसळतंय ते शोधणारी कुत्रीही आहेत. त्यांना झाकण उघडून नुसतं हुंगू देतात.

--------

मोरपंखी

'वाऱ्याखाली', शेवटचा प्रश्न. पथकासाठी नव्हे, घरच्या कुत्र्याला गंमत म्हणून पाण्यावर वास शोधायला शिकवायचं असेल तर सुरुवात कशी करावी?

--------

वाऱ्याखाली

आधी जमिनीवर. त्याचं आवडतं खेळणं लपवून, वारा त्याच्या तोंडावर येईल असं उभं करून शोधायला लावा. हे पक्कं झाल्याशिवाय पाण्याकडे जाऊ नका. मग उथळ, संथ, स्वच्छ पाणी निवडा, डॉक्टरांनी सांगितलेली खूणगाठ बांधून. तरंगणारं खेळणं काठच्या गवतात, पाण्यात पण पाय टेकतील इतक्यात ठेवा. त्याने ते पडताना पाहता कामा नये. वाऱ्याखालच्या बाजूने या आणि पट्टा सैल सोडा. तोंड मिटून मान वळली की तुम्ही थांबा. हाक मारू नका, बोट दाखवू नका, फक्त त्याच्याकडे बघत राहा.

पथकात पुढची पायरी म्हणून आम्ही काठावरच्या बरणीत वासाची वस्तू ठेवतो आणि छोट्या पंपाने तिच्यातली हवा नळीतून पाण्याखाली सोडतो, म्हणजे बुडबुड्यांबरोबर वास वर येतो. घरी एवढं करायची गरज नाही, पण करून बघायला मजा येते. बरणीत त्याचं खेळणं ठेवून तिच्यातली हवा सोडली तरी चालते.

बोटीत न्यायचं असेल तर पहिल्यांदा बोट काठाला बांधलेलीच राहू द्या आणि त्याला तिच्यात चढ-उतर करू द्या. पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घाला, त्या मुठीने त्याला वर ओढता येतं. सत्र छोटं ठेवा. सारखं पाण्याला चावणारा, पाणी गिळणारा कुत्रा असेल तर आणखी लवकर थांबा. फार पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. पोट फुगलं, उलटी झाली, चाल अडखळली तर खेळ तिथेच बंद आणि तडक डॉक्टरकडे.